गोळी वाढवण्याआधी दुपारचं घड्याळ बघा: सासऱ्यांच्या पार्किन्सन्सबद्दल विचारणाऱ्या सूनबाईंना उत्तर

तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडते. समजण्यात काही चूक असेल तर सांगा.

सासरे ७२ वर्षांचे, पार्किन्सन्सचं निदान होऊन पाच वर्षं झाली. सकाळी लोकमान्य नगरातल्या कोपऱ्यावरून स्वतः पेपर आणि पोहे घेऊन येतात. दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास हात धुवायला उठले की बाथरूमच्या दारात पाय जमिनीला चिकटतात. गेल्या महिन्यात तिथेच दोनदा पडले. पण भाचा अचानक दारात उभा राहिला तेव्हा खुर्चीतून उठून थेट त्याच्यापर्यंत चालत गेले, म्हणून सासूबाईंचं मत पक्कं झालंय की हे मुद्दाम करतात. गोळ्या सकाळी आठला चहाबरोबर, दुपारी दोनला जेवणानंतर आणि रात्री नऊला. गॅससाठी घरच्या डॉक्टरांनी दिलेली एक कॅप्सूल रोज चालू आहे, आणि नात्यातल्या कुणीतरी कौंचाचं चूर्ण सुचवलंय. तुम्हाला विचारायचंय की गोळी वाढवून घ्यावी का, फिजिओथेरपीने फरक पडेल का, आणि दिवसभराचा माणूस ठेवावा का.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंदूरमध्ये घरोघरी जाऊन मेंदूच्या आजारांचे पेशंट बघते. गोळीचा डोस ठरवणं हे न्यूरॉलॉजिस्टचं काम, त्यात मी पडणार नाही. पण पेशंट डॉक्टरांसमोर दहा मिनिटं असतो आणि माझ्यासमोर तासभर, तोही त्याच्या स्वतःच्या घरात. त्यामुळे गोळीच्या वेळेचं आणि पायांचं गणित मला रोज दिसतं. तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी एक प्रश्न सोडवायला हवा: जो माणूस दहाला चालतो तोच एकला का चालू शकत नाही?

तुम्ही दिलेल्या वेळाच कागदावर मांडा. त्यांची गोळी लेव्होडोपा आणि कार्बिडोपाची आहे. लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामाइन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, बनतं, आणि या आजारात कमी पडतं ते तेच. कार्बिडोपा त्याला वाटेत, म्हणजे मेंदूबाहेर, खर्च होऊ देत नाही. लेव्होडोपा रक्तात फार काळ टिकत नाही, तास-दीड तासात निम्मं होतं. आजाराच्या सुरुवातीला मेंदूत स्वतःचा थोडा साठा शिल्लक असतो, म्हणून दिवसातून तीन गोळ्यांवर भागतं आणि मधली उतरंड जाणवत नाही. चार-पाच वर्षांनी तो साठा आटतो. मग पुष्कळ जणांना एका गोळीचा परिणाम तीन-चार तासच पुरतो. आठची गोळी साडेआठ-नऊला लागते आणि बारा-साडेबाराला उतरते. दुसरी दोनला, तीही जेवणानंतर. म्हणजे बारा ते तीन-साडेतीन हा त्यांच्या दिवसातला जवळजवळ बिनऔषधाचा पट्टा आहे. दोन्ही वेळा ते पडले ते याच पट्ट्यात, दुसरी गोळी घेण्याच्याही आधी. ‘दुपारची गोळी लागू पडत नाही’ असं तुम्ही लिहिलंय, पण त्रास सुरू होतो तेव्हा ती पोटात गेलेलीच नसते.

आता जेवणाचं. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. डाळ, दही, दूध, पनीर, अंडं यांतल्या प्रथिनांचे घटकही तसेच, आणि आतड्यातून रक्तात व रक्तातून मेंदूत जायला दोघांचा रस्ता एक. वरण-भात-दही पोटात असताना गोळी घेतली की तिला रांगेत थांबावं लागतं. त्यात तूप भरपूर असेल तर पोट रिकामं व्हायलाच उशीर. रविवारी दाल-बाफले झाले की ते संध्याकाळपर्यंत खुर्चीतून हलत नाहीत, हे तुम्ही सहज लिहून गेलात. डाळीतली प्रथिनं आणि बाफल्यातलं तूप दोन्ही एकाच ताटात, वर गोळी. मला त्यात नवल वाटलं नाही.

म्हणून सर्वसाधारण नियम असा की ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवण होऊन निदान एक तासाने, पाण्याबरोबर घ्यावी. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर बरोबर दोन घास मुरमुरे, म्हणजे आपल्याकडचे परमल, किंवा एखादं साधं बिस्किट चालतं. अर्ध्या कप चहाने फारसं बिघडत नाही, दुधाच्या ग्लासाने बिघडतं. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात दोन तासांचं अंतर ठेवा, कारण लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं. गोळीच्या नावापुढे ‘सीआर’ लिहिलेलं असेल, तर ती हळूहळू विरघळणारी आहे. ती कुटून किंवा चावून देऊ नका.

हे वाचून डाळ-दही बंद करू नका. तसं करणारी घरं मी पाहिली आहेत, आणि तिथले आजोबा चार महिन्यांत कपडे ढगळ होण्याइतके वाळले. या आजारात वजन तसंही घटतं. प्रथिनं हवीतच, फक्त गोळीपासून लांब. ज्यांना दिवसभर फार चढउतार होतात त्यांच्यासाठी डॉक्टर कधीकधी प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्यायला सांगतात, पण ते त्यांना विचारून.

तर पहिलं काम. तीन-चार दिवसांची एक वही करा. डावीकडे सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचे तास. प्रत्येक तासापुढे एकच शब्द: ‘मोकळे’, ‘अडले’ किंवा ‘हालचाल जास्त’. शेवटचा शब्द अशासाठी की गोळी जास्त झाली तर अंग वेडंवाकडं हलतं, मान-खांदे डोलतात. घरचे त्याला कंप वाढला समजतात आणि आणखी गोळी मागतात. गोळी आणि जेवण नेमकं कधी झालं तेही त्याच ओळीत लिहा. ही वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे गेलात तर ते डोस न वाढवता त्याच गोळ्या चार भागांत वाटून देतील, दुपारची आधी सरकवतील, किंवा परिणाम लांबवणारं दुसरं औषध जोडतील. यातलं काय, ते मी सांगू शकत नाही. ‘दुपारी चालत नाहीत’ एवढंच सांगितलंत तर त्यांनाही अंदाजानेच लिहावं लागेल.

दुसरं काम कॅप्सूलचं, आणि ते मला वहीइतकंच महत्त्वाचं वाटतं. पाकिटामागचे घटक वाचा. गॅस-ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर अनेकदा लेव्होसल्पिराइड असतं. नाव लेव्होडोपासारखं असलं तरी काम उलटं: ते डोपामाइनला अडवतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरचं प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन ही सगळी त्याच माळेतली. पार्किन्सन्स नसलेल्या माणसालाही या औषधांनी कंप आणि ताठरपणा येऊ शकतो, मग असलेल्याचं काय होईल बघा. म्हाताऱ्या माणसाला गॅस, मळमळ, चक्कर हे तिन्ही असतंच, त्यामुळे ही औषधं अगदी सहज घरात येतात आणि महिनोन्‌महिने राहतात. कॅप्सूलमध्ये असं काही सापडलं तर देणाऱ्या डॉक्टरांना आणि न्यूरॉलॉजिस्टना फोन करून बदलून मागा. या नावांची एक चिठ्ठी सासऱ्यांच्या फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा. उद्या डोळ्याच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनला, एम.वाय.सारख्या सरकारी इस्पितळात असो की खासगी दवाखान्यात, उलटी होऊ नये म्हणून पहिलं इंजेक्शन यातलंच निघू शकतं. भरती व्हावं लागलं तर त्यांच्या गोळ्या आणि वेळा बरोबर न्या. वॉर्डात गोळ्या राउंडच्या वेळेनुसार वाटतात आणि यांना ते परवडत नाही. लेव्होडोपा एकदम बंद तर कधीच करायची नाही. त्यातून अंग ताठून तीव्र ताप आणि जिवावर बेतण्याची वेळ येऊ शकते.

कौंचाचं चूर्ण: हे जडीबुटीचं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. कौंच म्हणजे आपली खाजकुहिली, आणि तिच्या बियांत खरोखर लेव्होडोपा असतं. अडचणही तीच आहे. चमचाभर चूर्णात ते किती, हे डबीगणिक बदलतं. वर गोळी चालूच. मग एक दिवस अंग डोलतं, दुसऱ्या दिवशी भास होतात, आणि कशाने झालं ते डॉक्टरांना कळत नाही कारण चूर्णाचं कुणी बोललेलंच नसतं. द्यायचंच असेल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगून. लपवून नको.

इथपर्यंतचं थोडक्यात: वही, कॅप्सूलमागचं लेबल, आणि दुपारची गोळी जेवणाआधी घेण्याबद्दल डॉक्टरांना फोन. हे तिन्ही याच आठवड्यात होण्यासारखं आहे आणि खर्च काहीच नाही.

आता पायांकडे येऊ, आणि सासूबाईंच्या शंकेकडेही. भाचा आल्यावर ते चालले हे खरं, आणि एक वाजता त्यांना चालता आलं नाही हेही तितकंच खरं. आपण चालतो तेव्हा पावलांचा विचार करत नाही. मेंदूतली एक व्यवस्था पाऊल आपोआप उचलते, आणि या आजारात बिघडते ती हीच. लक्ष देऊन, काहीतरी समोर बघून, आवाजाच्या तालावर किंवा भावनेच्या भरात हालचाल करण्याचा मेंदूतला मार्ग वेगळा असतो, आणि तो बराचसा शाबूत राहतो. स्कूटरचा सेल्फ गेला तरी किक मारून ती सुरू होते ना, तसं. भाचा ही त्या दिवशीची किक होती. त्याच कारणाने चालता चालता त्यांना कुणी हाक मारली, हातात पेला दिला किंवा ‘औषध घेतलं का’ असं विचारलं की पाय अडतात: लक्ष तिकडे गेलं आणि पावलांकडे कुणी राहिलं नाही. अरुंद जागा, दार, वळण आणि घाई, ही अडण्याची नेहमीची ठिकाणं. बाथरूमच्या दारात चारही एकत्र येतात.

अडले की ओढायचं नाही. तुम्ही हात ओढता तेव्हा धड पुढे येतं, पाय तिथेच राहतात, आणि माणूस तोंडावर पडतो. ‘चला, चला, उचला पाय’ हेही नको, त्याने घाबरून आणखी अडतात. त्याऐवजी त्यांना थांबू द्या. पूर्ण थांबून, ताठ उभं राहून, अंगाचं वजन एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्यावर झुलवायचं. मग एक मोठं पाऊल, मोठ्याने ‘एक’ म्हणत. तरी जमलं नाही तर तुमचा पाय त्यांच्या पावलापुढे आडवा ठेवा आणि ‘हा ओलांडा’ म्हणा. बहुतेकदा ओलांडतात, आणि पहिल्यांदा बघताना घरच्यांना ती जादू वाटते. बाथरूमच्या दाराआधी आणि आत जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा, एका पावलाच्या अंतरावर. फरशी पांढरी असेल तर पट्टी गडद घ्या. मोजायचा कंटाळा आला तर पाढे म्हणू द्या. मी ज्यांच्याकडे जाते त्यांच्यात जुन्या मराठी शाळेत शिकलेले एक आजोबा पावकीच्या तालावर स्वयंपाकघर ओलांडतात. माझी मात्र पावकी पाठ नाही, त्यामुळे चूक कोणी काढत नाही.

वळताना जागच्या जागी गरकन वळायचं नाही, अर्धगोल घेऊन चालत वळायचं. दारातलं पायपुसणं आजच काढा. उंबरठा असेल तर त्याला वेगळ्या रंगाची पट्टी लावा. कमोडशेजारी आणि नळाशेजारी भिंतीत पक्के बसवलेले दांडे हवेत. टॉवेलचा रॉड वजन घेत नाही आणि नेमका तोच हाताशी येतो. मागून उघड्या स्लिपर घालू नका, टाच बंद असलेलं पादत्राण द्या. उचलून पुढे ठेवायचा चौपायी वॉकर बाजारातून परस्पर आणू नका. अडणाऱ्या बऱ्याच जणांना त्याने आणखी अडखळायला होतं.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर आहे. वर लिहिलेलं सगळं ‘गोळी उतरली की अडतात’ या गृहीतकावर उभं आहे, कारण तुमच्या वेळा तसं सांगतात. पण वहीत जर सकाळी नऊ-दहाला, गोळी पूर्ण लागलेली असतानाही अडल्याची नोंद निघाली, तर गोष्ट वेगळी. तसं अडणं गोळी वाढवून सहसा कमी होत नाही, आणि मेंदूत इलेक्ट्रोड बसवायच्या शस्त्रक्रियेनेही फारसं हलत नाही. शिवाय पडण्याचं कारण पायच असतील असंही नाही. उठल्यावर रक्तदाब कोसळणं हे या आजारात आणि या गोळ्यांनी, दोन्हींमुळे होतं. घरात बीपीचं मशीन असेल तर आडवे असताना एकदा मोजा, मग उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ते आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. त्यांना पूर्वीपासूनची बीपीची गोळी चालू असेल तर हे फारच महत्त्वाचं.

फिजिओथेरपीने फरक पडेल का? पडेल, पण ‘महिनाभर शेक आणि मशीन’ अशा प्रकाराने नाही. या आजारात हालचाली आपोआप लहान होत जातात: अक्षर बारीक, पाऊल आखूड, आवाज हळू. म्हणून व्यायाम मुद्दाम मोठ्या हालचालींचा हवा. लांब पाऊल, हात डोक्यावर पूर्ण ताणून, धड वळवून मागे बघणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. उठताना क्रम असा: आधी खुर्चीच्या कडेला सरकणं, पाय गुडघ्यांच्या मागे घेणं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे नेणं, मग एका दमात वर. व्यायामाची वेळ ते मोकळे असतानाची ठेवा, तुमच्याकडे सकाळी साडेनऊ-दहा. चालताना अडणारे काहीजण सायकल मात्र सहज चालवतात, म्हणून जागेवरची सायकल जमली तर उत्तम. त्यांची पेपर-पोह्यांची फेरी बंद करू नका. बरोबर कुणीतरी दोन पावलं मागे असू द्या, म्हणजे बोलण्यात गुंतवणार नाही. फिजिओथेरपिस्ट निवडताना एवढंच विचारा की पार्किन्सन्सचे किती पेशंट बघता आणि घरच्यांना शिकवता का. रोज येऊन स्वतः हात-पाय हलवून जाणाऱ्यापेक्षा आठवड्यातून दोनदा येऊन तुम्हाला तयार करणारा बरा.

आवाज आणि चेहऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाईंच्या तक्रारींत तेच दिसतं. ‘तोंडातल्या तोंडात बोलतात’, ‘चेहऱ्यावर राग असतो’. चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात, त्यामुळे आतून हसू आलं तरी बाहेर दिसत नाही. आवाजाचं म्हणाल, तर त्यांना स्वतःला तो पुरेसा मोठाच ऐकू येतो. ‘मोठ्याने बोला’ म्हटलं की त्यांना ओरडायला सांगितल्यासारखं वाटतं. रोज दहा मिनिटं पेपर मोठ्याने वाचायला लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतका. आणि सासूबाईंचे कान तपासून घ्या. एकाचा आवाज गेलेला आणि दुसरीला कमी ऐकू येतं, अशा घरांत अर्धी भांडणं तेवढ्याचसाठी असतात. खरोखरच उदास वाटत असतील, कशातच रस उरला नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. नैराश्य या आजाराचाच भाग म्हणून येऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

माझी सूचना अशी की सासूबाईंना वही तुम्ही दाखवू नका, त्यांनाच लिहायला द्या. सून सांगते म्हणून ‘मुद्दाम करतात’ हे मत बदलणार नाही. रोज बाराच्या पुढे ‘अडले’ हा शब्द स्वतःच्या हाताने लिहिला की बहुतेक बायकांना आपणहून कळतं.

शेवटचं, दिवसभराच्या माणसाचं. तुमच्याकडे सकाळी ते स्वतःचं स्वतः करतात. दिवसभराचा माणूस आला की तो त्यांना उचलायला, भरवायला, बटणं लावून द्यायला लागेल, कारण त्याला काम दिसायला हवं. आणि जे करणं सुटेल ते परत येणं अवघड. मी असते तर आधी बारा ते चार एवढ्याच वेळासाठी कुणी मिळतं का ते बघितलं असतं, आंघोळही त्यांच्या मोकळ्या वेळेत, दहाच्या सुमारास आणली असती. त्या माणसाला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी करून दाखवा: अडल्यावर ओढायचं नाही, आणि गोळी घड्याळाप्रमाणे, जेवणाप्रमाणे नाही. पडणं थांबलं नाही, रात्री उठावं लागू लागलं किंवा पाणी पिताना ठसका यायला लागला तर पूर्ण वेळाचा विचार करा. ठसक्याबद्दल तर लगेच डॉक्टरांशी बोला, आणि तोवर ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घोट द्या.

पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून या आजाराच्या पेशंट आणि घरच्यांसाठी काम करतं. सासरे इतर पेशंटशी मराठीत बोलू शकले तर बरंच हलकं वाटेल. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचंही कधीतरी बघून घ्या, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे. घाई नाही.

वही झाली की बारा ते चारच्या नोंदी आणि कॅप्सूलमधले घटक इथेच लिहा. बाथरूमच्या दाराची रुंदीही मोजून लिहा, मग पट्ट्या आणि दांडे नेमके कुठे लावायचे ते सांगते.